एकाच नाकपुडीची तक्रार अंगावर काढू नका
नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाची ओळख, उपचार आणि निकाल



या पानावर आपण बहुतेक वेळा घरोघरी दिसणाऱ्या आजारांविषयी बोलतो. साखर, रक्तदाब, टीबी, तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग. आज मात्र असा आजार घेतला आहे, जो तुमच्या वस्तीत कदाचित कोणी पाहिलाही नसेल. नाकाच्या अगदी वरच्या भागात, वास ओळखणाऱ्या पेशींच्या थरातून उगवणारा हा कर्करोग. डॉक्टरी भाषेत त्याला ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा किंवा एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा म्हणतात. नाव पाठ करण्याची गरज नाही. तो सुरू कसा होतो एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

पाश्चात्त्य देशांतील नोंदींप्रमाणे दर दहा लाख लोकांत वर्षाला सुमारे ०.४ जणांना हा आजार होतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. त्याच प्रमाणाने हिशेब केला तर सबंध मुंबईत वर्षाला पाचेक रुग्ण होतात. म्हणजे घाटकोपर किंवा बोरिवलीत तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरलाही असा एकही रुग्ण भेटलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून हा आजार सर्दी, सायनस, ॲलर्जी या नावांखाली महिनोन्‌महिने दडून राहतो. मग या दुर्मीळ आजाराचा धडा कशासाठी? कारण वेळेत सापडला तर तो बरा होऊ शकतो, आणि वेळेत सापडण्याची पहिली जबाबदारी रुग्णाच्या घरच्यांवर येते.

नाकाच्या छतावरची चाळणी

नाकाचे छत हेच मेंदूचे जोते आहे. दोघांच्या मध्ये एक पातळ हाड असते आणि त्याला चाळणीसारखी बारीक छिद्रे असतात. वासाच्या नसांचे धागे या छिद्रांतून नाकातून मेंदूकडे जातात. आपली गाठ उगवते ती नेमकी इथे. खाली वाढली तर नाकपुडी बंद होते, बाजूला वाढली तर डोळ्याकडे जाते, वर वाढली तर चाळणीतून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. वर-खाली दोन्हीकडे वाढलेली गाठ एमआरआयमध्ये कधीकधी डमरूसारखी दिसते. मधला बारीक भाग म्हणजे ती चाळणी.

फ्रान्समधील डॉक्टरांनी १९२४ साली या गाठीचे पहिले वर्णन केले. हा आजार कशामुळे होतो, याचे ठोस कारण सापडलेले नाही. तो तरुणांनाही होतो आणि पन्नाशी-साठीतही होतो. तेव्हा रुग्णाने किंवा घरच्यांनी 'आमचे काय चुकले' म्हणून स्वतःला दोष देऊ नये.

नावातला 'न्यूरो' ऐकून पुष्कळांना मेंदूचाच आजार वाटतो. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ साली आपल्याला न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्याचे जाहीर केले तेव्हाही असाच गोंधळ झाला होता, आणि 'न्यूरो' म्हणजे प्रत्येक वेळी मेंदू नव्हे हे त्यांनी स्वतःच लिहून सांगितले होते. २९ एप्रिल २०२० रोजी अंधेरीच्या कोकिळाबेन रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचा आजार वेगळा, आजचा विषय वेगळा. एकाचे ऐकलेले दुसऱ्याला लावू नये, कारण प्रत्येक गाठीचा उपचार आणि निकाल निराळा असतो.

साधी सर्दी आणि ही गाठ, फरक काय

साधी सर्दी, ॲलर्जी किंवा नाकातले नेहमीचे मांस वाढणे, म्हणजे पॉलिप, यांत बहुधा दोन्ही नाकपुड्यांना त्रास होतो. कधी डावी बंद, कधी उजवी. गाठीचा त्रास मात्र एकाच बाजूला ठाण मांडून बसतो. खालील लक्षणे नीट वाचा:

• एकच नाकपुडी सतत बंद आणि औषध घेऊनही तीन आठवड्यांत फरक नाही.
• त्याच बाजूने वारंवार घोळणा फुटणे किंवा शेंबडात रक्ताचे धागे दिसणे.
• वास कमी होणे. फोडणीचा, अगरबत्तीचा, गॅसचा वास न कळणे.
• एका डोळ्यातून सतत पाणी, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, एकाचे दोन दिसणे.
• गालावर किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात बधिरपणा वा सूज, मानेत न दुखणारी गाठ.

यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे कर्करोगच झाला असे नाही. उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो, तो बहुतेक वेळा साधाच असतो. कोविडनंतर अनेकांचा वास गेला आणि परतही आला. पण एकाच बाजूची बंद नाकपुडी आणि त्याच बाजूचे रक्त ही जोडी तीन आठवडे टिकली, तर वाफारा, काढा आणि मेडिकलमधून आणलेले नाकाचे थेंब बाजूला ठेवावेत आणि कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जावे. तिथे दुर्बीण घालून नाक तपासा, असे आपण स्पष्ट सांगावे. बाह्यरुग्ण विभागातच होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते.

निदान करताना तीन काळज्या

पहिली काळजी: आधी स्कॅन, मग तुकडा. सीटी स्कॅनमध्ये हाड किती झिजले ते दिसते. एमआरआयमध्ये डोळा आणि मेंदूपर्यंत गाठ गेली आहे का ते कळते. त्यानंतरच तपासणीसाठी तुकडा काढावा. याला कारण आहे. वयात येणाऱ्या मुलांच्या नाकात अँजिओफायब्रोमा नावाची रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ होते. ती कर्करोगाची नसते, पण तिचा तुकडा घाईने काढला तर रक्त थांबवणे कठीण होते.

दुसरी काळजी: काढलेला प्रत्येक तुकडा प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. एका बाजूचे 'मांस वाढले' म्हणून ऑपरेशन झाले आणि काढलेले मांस तपासणीला पाठवलेच नाही, असे होता कामा नये. ऑपरेशनपूर्वीच विचारा: 'डॉक्टर, हे तपासायला पाठवणार ना? रिपोर्ट कधी मिळेल?'

तिसरी काळजी: रिपोर्टची फेरतपासणी. सूक्ष्मदर्शकाखाली नाकातल्या अनेक गाठी लहान, गोल, निळसर पेशींच्या एकसारख्याच दिसतात. त्यांच्यातला भेद ओळखण्यासाठी खास रंगचाचण्या कराव्या लागतात. म्हणून पहिल्या रुग्णालयातून कागदी रिपोर्टबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्यावा आणि कर्करोग रुग्णालयात पुन्हा तपासून घ्यावा. ब्लॉक मागितल्यास डॉक्टर रागावतील अशी भीती बाळगू नका. उपचारासाठी तो मागणे हा तुमचा हक्क आहे.

आजार कुठवर पोहोचला

१९७६ साली कॅडिश यांनी या आजाराचे तीन टप्पे केले, ते आजही वापरात आहेत. ए म्हणजे गाठ फक्त नाकाच्या पोकळीत. बी म्हणजे शेजारच्या सायनसमध्ये गेलेली. सी म्हणजे त्याही पलीकडे, डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूच्या तळाशी. पुढे १९९३ साली डी हा टप्पा जोडला गेला. त्यात मानेच्या गाठींत किंवा शरीरात इतरत्र आजार पसरलेला असतो. याखेरीज पेशी किती आक्रमक आहेत हे सांगणारी हायम्स यांची १ ते ४ अशी श्रेणी असते. १ आणि २ म्हणजे संथ, ३ आणि ४ म्हणजे जलद. फाईलमध्ये हे दोन शब्द, कॅडिश आणि हायम्स, लिहिलेले आहेत का ते पाहा. नसतील तर विचारा.

उपचार

मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा, आणि त्यानंतर बहुतेकांना किरणोपचार. पूर्वी चेहरा आणि कवटी अशा दोन्ही बाजूंनी उघडून गाठ काढावी लागे. त्यासाठी नाकाचा सर्जन आणि मेंदूचा सर्जन एकत्र उभे राहतात. गेल्या दोन-अडीच दशकांत निवडक रुग्णांत नाकातूनच दुर्बिणीने गाठ काढण्याची पद्धत रुळली आहे. त्यात चेहऱ्यावर व्रण येत नाही. पण मार्ग कोणताही असो, गाठ कडेच्या निरोगी भागासह पूर्ण निघणे महत्त्वाचे. काढलेल्या चाळणीच्या जागी नाकातलेच अस्तर किंवा मांडीतले आवरण लावून मेंदूखालचे छत पुन्हा बंद करतात.

किरणोपचार साधारण सहा आठवडे चालतात. आठवड्यातून पाच दिवस, दररोज काही मिनिटे. डोळे आणि मेंदू अगदी लागून असल्याने नेमका मारा करणारी आधुनिक पद्धत लागते. गाठ फार मोठी असेल किंवा पेशी आक्रमक असतील, तर आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात.

पहिला उपचार अर्धवट झाला तर दुसऱ्यांदा तीच जागा उघडणे अवघड जाते. म्हणून निदान झाल्यावर 'जवळ आहे, ओळखीचे आहे' म्हणून कुठेही ऑपरेशन करून घेऊ नये. सर्जन, किरणतज्ज्ञ, केमोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात अशाच ठिकाणी जावे. त्यासाठी गेलेले आठ-दहा दिवस वाया जात नाहीत. काढा आणि अंगाऱ्यात गेलेले सहा महिने मात्र परत मिळत नाहीत.

जगण्याचे आकडे कसे वाचावेत

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: 'डॉक्टर, वाचेल ना?' उत्तरात टक्केवारी मिळते आणि माणूस घाबरतो. 'पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ६० टक्के' याचा अर्थ रुग्ण पाचच वर्षे जगेल असा नाही. शंभर रुग्णांपैकी साठ जण पाच वर्षांनंतर हयात होते, एवढाच त्याचा अर्थ. त्यातले कित्येक पुढेही वर्षानुवर्षे जगतात.

१९९० ते २००० या काळात प्रसिद्ध झालेल्या जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००१ साली छापला गेला. त्यात ३९० रुग्ण होते. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे सरासरी प्रमाण ४५ टक्के होते. टप्प्यानुसार पाहिले तर ए मध्ये ७२, बी मध्ये ५९ आणि सी मध्ये ४७ टक्के. मानेत गाठी नसलेल्यांत ६४ टक्के, असलेल्यांत अवघे २९. हायम्स १-२ मध्ये ५६, ३-४ मध्ये २५ टक्के. शस्त्रक्रिया आणि किरण दोन्ही मिळालेल्यांत ६५ टक्के, फक्त शस्त्रक्रियेत ४८, फक्त किरणांत ३७.

शेवटचे तीन आकडे वाचताना सावध राहा. ज्यांची गाठ काढण्याच्या पलीकडे गेली होती, अशांनाच पुष्कळदा फक्त किरण दिले जातात. त्यामुळे त्यांचा निकाल कमी दिसणारच. तरीही एकूण कल स्पष्ट आहे: लवकर सापडलेली गाठ आणि दोन्ही उपचारांची जोड यांचा निकाल चांगला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींमधील ३११ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर सुमारे ६२ टक्के आणि दहा वर्षांनंतर सुमारे ४६ टक्के रुग्ण हयात होते. पाच आणि दहा वर्षांमधली ही घट आपल्याला महत्त्वाची गोष्ट शिकवते. बऱ्याच कर्करोगांत पाच वर्षे उलटली की रुग्ण निश्चिंत होतो. या आजारात तसे करून चालत नाही. तो दहा वर्षांनंतरही त्याच जागी किंवा मानेत परत येऊ शकतो. पण मानेत परत आलेली लहान गाठ वेळेवर सापडली तर पुन्हा ऑपरेशन आणि किरण देता येतात. म्हणून 'आता बरे वाटते, रजा कशाला टाकू' असे म्हणून तपासणी चुकवू नये. ठरलेल्या तारखा वर्षानुवर्षे पाळाव्यात, आणि दर महिन्याला आंघोळीच्या वेळी स्वतःची मान चाचपून पाहावी.

हातावर पोट असणाऱ्यांसाठी: लाकडाची आणि चामड्याची धूळ

आजच्या गाठीचा धुळीशी संबंध सिद्ध झालेला नाही. पण नाकाचा दुसरा एक कर्करोग, ॲडिनोकार्सिनोमा, थेट कामाच्या धुळीतून येतो. ही माहिती आपल्या माणसांच्या कामाची म्हणून इथेच देतो.

इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्या-टेबले बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. तिथल्या नाकाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या या दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण वारंवार सुतारच निघतात. १९६८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध प्रसिद्ध केला. थोड्याच काळात बूट बनवणाऱ्या कामगारांतही तेच आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणारी म्हणून जाहीर केली. चामड्याची धूळही त्याच यादीत आहे. धुळीत काम सुरू केल्यापासून आजार दिसेपर्यंत तीस-चाळीस वर्षेही जातात. त्यामुळे काम सोडलेल्या म्हाताऱ्या कारागिराने आपला जुना धंदा डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, उपनगरातल्या बंद गाळ्यांत, धारावीच्या चामड्याच्या कारखान्यांत हजारो हात काम करतात. चामड्याचे काम तर पिढ्यान्‌पिढ्या जातीने वाट्याला आलेले. पॉलिशपेपर मारताना, मशीनवर घासताना उडणारी बारीक धूळ सर्वांत वाईट. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. धुळीसाठीचा मास्क, धूळ ओढणारे मशीन, ओले करून झाडणे आणि घरी जाण्यापूर्वी कपडे बदलणे एवढे तरी मालकाकडे मागावे. ही मागणी एकट्याने करण्यापेक्षा गाळ्यातल्या सर्वांनी मिळून केली तर मान्य होते.

मुंबईत कुठे जावे, खर्चाचे काय

पहिल्या तपासणीसाठी महापालिकेची रुग्णालये आहेत. अंधेरीकरांना कूपर, बोरिवलीकरांना कांदिवलीचे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, ज्याला सगळे शताब्दी म्हणतात. घाटकोपरकरांना राजावाडी, मुलुंडकरांना शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालयही सोयीचे. कर्करोगाचे निदान झाल्यास परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आहेच. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय आज केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली चालते. खारघरचे ॲक्ट्रेक ही त्याचीच शाखा. गर्दी मोठी असते, पहिला दिवस फाईल काढण्यातच जातो. सकाळी लवकर निघा, सोबत कागद सांभाळणारे एक माणूस न्या.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. आपला उपचार योजनेत बसतो का हे दाखल होण्यापूर्वीच लेखी विचारून घ्या. टाटामध्ये वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे. तिथे परिस्थिती मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यातून कर्करोगाच्या रुग्णाला प्रवास करता येतो, कागदपत्रे जवळ ठेवावीत. गावाहून उपचारासाठी आलेल्या नातेवाइकांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षांपासून टाटाच्या रुग्णांचा आसरा आहे.

उपचारानंतरचे घर

ऑपरेशननंतर बहुतेकांचा वास कायमचा जातो. ही छोटी गोष्ट नाही. गॅस गळला तरी कळत नाही, शिळे अन्न ओळखू येत नाही. घरात गॅस गळती सांगणारे यंत्र बसवावे, सिलिंडरची नळी वेळेवर बदलावी. चव फिकी लागली म्हणून मीठ वाढवू नये, लिंबू, कोथिंबीर, चिंचेने जेवणात रुची आणावी. डॉक्टर सांगतील तसे नाक मिठाच्या पाण्याने धुवावे. नाकातून पाण्यासारखा पातळ, खारट थेंब सतत गळू लागला, किंवा ताप, तीव्र डोकेदुखी आणि मान आखडणे सुरू झाले, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते.

किरणांमुळे डोळे कोरडे पडतात, पुढे मोतीबिंदू होऊ शकतो. काही वर्षांनी मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीचे काम मंदावून थकवा येतो. तो 'अशक्तपणा' समजून टॉनिक घेऊ नका, संप्रेरकांची रक्ततपासणी करून घ्या.

आणि रुग्णाला एकटे पाडू नका. कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हातांनी करणाऱ्या तथागतांची गोष्ट आपण विहारात ऐकतो. शेजारच्या रुग्णासोबत सकाळच्या लोकलने परळपर्यंत जाणे ही त्याच वाटेवरची सेवा आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. एकाच बाजूची बंद नाकपुडी आणि रक्त, तीन आठवडे: दुर्बिणीने तपासणी.
२. आधी स्कॅन, मग तुकडा. काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला.
३. काचपट्ट्या, ब्लॉक आणि सर्व रिपोर्ट एका पिशवीत, स्वतःच्या ताब्यात.
४. पहिले ऑपरेशन अनुभवी ठिकाणीच. नंतर किरणोपचार लागतात का हे विचारावे.
५. पाच वर्षांनंतरही तपासणी सुरू ठेवावी.
६. लाकूड आणि चामड्याच्या धुळीत काम करणाऱ्यांनी योग्य मास्क वापरावा आणि धंद्याची माहिती डॉक्टरांना द्यावी.

हे पान वाचून झाल्यावर फेकू नका. विहाराच्या फलकावर लावा किंवा ओळखीच्या सुतारकाकांना वाचून दाखवा.